शिट्टीचा मान

सोमवार, २ मार्च

निवृत्त होऊन आज तीन महिने झाले. मुलीनं ही वही दिली तेव्हा म्हणाली, "बाबा, लिहीत जा, म्हणजे आईचं डोकं जरा कमी खाल." चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे झाला नाही. असा माणूस कुणाचं डोकं कशाला खाईल? पण वही चांगली आहे, रेघा सरळ आहेत, तेव्हा लिहितो.

हिचं पाळणाघर आमच्याच तळमजल्यावर आहे. एकोणीस वर्षं चालवते. सध्या बावीस मुलं, दोन ते पाच वर्षांची, आणि मदतीला एक बाई. त्यांना मी मनातल्या मनात घाईबाई म्हणतो, कारण त्या चहासुद्धा उभ्यानं पितात. महिन्याभरापूर्वी मी पहिल्यांदा खाली उतरलो आणि पाहिलं तर पद्धत म्हणून नाही. कोण कधी हात धुतं, कोण कधी झोपतं, सगळा आनंदीआनंद. मग कपाटातून माझी जुनी पितळी शिट्टी काढली.

एक शिट्टी म्हणजे हात धुवा. दोन म्हणजे जेवायला बसा. तीन म्हणजे गाद्यांवर आडवे व्हा. आठवड्याभरात फरक पडला. पावणेबाराला शिट्टी वाजली की मुलं अशी रांगेत उभी राहतात की बघत राहावं. त्याच वेळी ही ताटल्या घेऊन दारात येते, तो भाग वेगळा.

जो शहाण्यासारखा वागेल त्याला शिट्टी वाजवायचा मान, ही युक्तीही माझीच. रोजचे दोन-तीन मान. त्यासाठी मुलं जीव टाकतात. कुणाला कधी मान मिळाला ते मी वेगळ्या रजिस्टरात तारखेनिशी लिहितो, नाहीतर भांडणं होतात. एकाचं झालं की शिट्टी रुमालानं पुसायची आणि दुसऱ्याला द्यायची. रुमाल दर रविवारी धुतला जातो. ही एकदा म्हणाली, "अहो, एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात नको. साबणाच्या पाण्यातून काढत जा." पितळेची चकाकी जाते म्हणून मी रुमालावरच भागवतो. ती पुन्हा काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

मुलं मला शिट्टीआजोबा म्हणतात. कारखान्यात काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. एकंदरीत माझं बरं चाललंय.

गुरुवार, ५ मार्च

ही दाढ काढायला गेली होती. जाताना शंभर सूचना देऊन गेली, त्यातल्या नव्वद मला आधीच माहीत होत्या.

तिची पाठ वळते न वळते तोच घाईबाई एका मुलीला घेऊन आल्या. त्यांच्या बहिणीची मुलगी, चार वर्षांची. बहीण दुसऱ्या गावाहून काही कामासाठी आली होती आणि दिवसभर पोरीला ठेवायला जागा नव्हती. हिचा नियम असा की फॉर्म भरल्याशिवाय आणि लसींचं कार्ड पाहिल्याशिवाय मूल आत घ्यायचं नाही. घाईबाई म्हणाल्या, "काका, संध्याकाळी परत जाणारे ती. ताईंना कशाला सांगायचं? त्या मला ठेवायच्या नाहीत." झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बरं म्हणालो. हजेरीपटावर तिचं नाव घातलं नाही.

पोरगी चुणचुणीत. तिचं आणि पैलवानाचं लगेच गूळपीठ जमलं. पैलवान म्हणजे शहराची बस चालवणाऱ्या बाईंचा साडेतीन वर्षांचा मुलगा. त्याच्यापेक्षा पाण्यानं भरलेली बादली जड लागते, म्हणून त्याचं नाव पैलवान. आज त्याचा मान होता. त्यानं शिट्टी वाजवली आणि पाहुणीला दिली, तिनं वाजवून परत त्याला दिली. असं पाच-सहा वेळा झालं. हसून हसून दोघांना उचकी लागली. मी रुमाल काढेपर्यंत शिट्टी पुढे गेलेली असायची. रजिस्टरात मात्र प्रामाणिकपणे लिहिलं: पैलवान, पाहुणी.

ही सुजलेला गाल घेऊन परतली. तिला बोलता येत नव्हतं, त्यामुळे दुपार शांततेत गेली.

सोमवार, ९ मार्च

आज अक्षर नीट येणार नाही.

पैलवान सकाळी आला तेव्हा जरा मलूल होता. मान मागायलाही आला नाही. दहाला झोपला, अकराला उलटी झाली. अंग भाजत होतं आणि पाय मात्र गार. उजेडाकडे बघेना. मी म्हणालो पोट बिघडलं असेल, थोडं लिंबूपाणी देऊ. हिनं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. तिनं त्याचा सदरा वर केला. पोटावर दोन जांभळट ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे. तिनं काचेचा पेला आणला, ठिपक्यांवर दाबला आणि काचेतून पाहिलं.

"साधा पुरळ काचेखाली फिकट होतो," ती म्हणाली. "हे होत नाहीयेत. अँब्युलन्स बोलवा. डॉक्टरांना नाही, अँब्युलन्सला फोन करा."

तिचा आवाज इतका साधा होता की मला वाटलं ती पाण्याचा तांब्या मागतेय. मी फोन केला. दहा मिनिटांत गाडी आली. तोवर ठिपके दोनाचे सात झाले होते.

त्याच्या आईला निरोप डेपोतून गेला. बस भररस्त्यात होती. पुढच्या थांब्यापर्यंत त्यांनी ती नीट नेली, प्रवाशांना उतरवलं, दरवाजे बंद केले, किल्ली कंडक्टरच्या हातात दिली आणि मग त्या पळत सुटल्या. हे मला कंडक्टरनंच सांगितलं.

पैलवान अतिदक्षता विभागात आहे.

मंगळवार, १० मार्च

ही सकाळपासून हॉस्पिटलात त्याच्या आईजवळ बसली आहे. मी खाली असताना आरोग्य खात्याच्या सिस्टर आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पायात बूट, हातात फायलींची पिशवी.

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. हा एक जिवाणू आहे. पुष्कळ धडधाकट माणसांच्या घशात तो गुपचूप राहतो आणि काही करत नाही. कधीतरी एखाद्या लहान मुलाच्या रक्तात शिरतो, मेंदूच्या आवरणापर्यंत जातो, आणि मग तासांचा खेळ असतो. पसरतो तो लाळेतून, अगदी जवळच्या सहवासातून. पाळणाघर बंद करायची गरज नाही, पण इथल्या प्रत्येकाला दोन दिवस औषध घ्यावं लागेल. मोठ्यांनासुद्धा. "काका, तुमच्याही घशात असू शकतो," त्या म्हणाल्या. माझ्या घशात इतकी वर्षं फक्त ओरडा होता, असं मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत.

मग प्रश्न. मुलं एकमेकांचे पेले वापरतात का? नाही, प्रत्येक पेल्यावर मी नंबर घातलाय. चमचे? त्यांवरही. तोंडात घालायची दुसरी कुठली वस्तू सगळ्यांमध्ये फिरते का?

शिट्टी माझ्या खिशात होती. मी नाही म्हणालो.

का म्हणालो ते आता लिहिताना कळत नाही. औषध बावीसच्या बावीस मुलांना मिळणारच आहे, मग शिट्टीचं सांगून उपयोग काय, असा विचार केला खरा, पण तो नंतर. मी त्यांना हजेरीपट दिला. पट स्वच्छ आहे असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हिनं विचारलं, "शिट्टीचं सांगितलंत ना सिस्टरना?" हो म्हणालो. एकतीस वर्षांच्या संसारात हिच्याशी खोटं बोलल्याचं आठवत नाही. तिच्या दाढेचा दिवस सोडला तर.

बुधवार, ११ मार्च

पैलवान अजून डोळे उघडत नाही.

औषध काल संध्याकाळी सुरू झालं. सिस्टरनी बजावलं होतं की दोन दिवस लघवी, घाम, अश्रू, सगळं नारिंगी होईल, घाबरू नका. आज फक्त नऊ मुलं आली, पण मोरीपाशी गर्दी बावीसची. पाच वर्षांची एक ठकी बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, मी संत्र्याचा रस केला. बघायला या." मग प्रत्येकाला आपला रस दाखवायचा होता. मला हसू आलं आणि हसल्याचं वाईटही वाटलं. हिला सांगितलं तर ती म्हणाली, "हसा हो. मुलांनी हसायचं नाही तर कुणी?"

घाईबाई भांड्याच्या मोरीपाशी रडत होत्या. पदराला नारिंगी डाग पडले होते. हळव्या आहेत, पैलवानाचा फार लळा त्यांना. मी म्हणालो, "होईल बरा." त्या म्हणाल्या, "काका, दुसऱ्या गावी पण जातं का हो हे?" मी म्हणालो, जिवाणूला कुठे तिकीट लागतं. त्यांना धीर यावा म्हणून म्हणालो, तर त्या आणखीच रडायला लागल्या. बायकांचं मला कधी कळलेलं नाही.

गुरुवार, १२ मार्च

सकाळी सहाला मान-रजिस्टर काढलं. हिच्या हाती लागण्याआधी गेल्या आठवड्याचं पान फाडून टाकावं असा विचार होता, खोटं कशाला लिहू. पान धरलं आणि माझ्याच अक्षरात दिसलं: पैलवान, पाहुणी.

बावीस मुलांना औषध मिळालं. तेविसावीला नाही मिळालं. काल घाईबाई काय विचारत होत्या ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

त्या सातला आल्या. मी दारातच गाठलं. त्यांनी रात्री बहिणीला फोन केला होता, पोरगी खेळतेय असं बहीण म्हणाली होती. खरं कारण बहिणीला सांगितलं नव्हतं. "काका, ताई मला काढतील. माझ्याच्यानं सांगवत नाही." चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर आम्ही दोन चोर होतो. मी म्हणालो, "तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

ही गाद्यांचे अभ्रे काढत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पाहुणी, शिट्टी, सिस्टरना नाही म्हणालो ते, तिला हो म्हणालो ते. ती अभ्रा हातात धरून ऐकत राहिली. मग तिनं सिस्टरचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही बोला. रजिस्टर तुमचं आहे."

सिस्टर रागावल्या नाहीत. मुलीचं नाव, गाव, आईचा नंबर, एवढंच विचारलं आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

साडेनऊला त्यांचाच फोन आला. मुलीला पहाटेपासून ताप होता. आईनं तापाचं औषध पाजून झोपवलं होतं, संध्याकाळपर्यंत वाट बघणार होती. सिस्टरनी तिथल्या हॉस्पिटलला कळवून ठेवलं, दहाच्या आत तिला पहिलं इंजेक्शन मिळालं. अंगावर ठिपके अजून उठले नव्हते.

मी पायरीवर बसलो. ही शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मला दिसत होतं रुमालानं पुसता ते. तरी गप्प बसले." मी विचारलं, का? "तीन महिन्यांत तुम्हाला हसताना पाहिलं ते त्या शिट्टीपायी. काढून घ्यायला हात धजावला नाही. माझंही चुकलंच."

म्हणजे दोष तिचाही, असं तिचं म्हणणं. मला काही ते पटत नाही. मी कुठे न हसता बसलो होतो?

शनिवार, १४ मार्च

पैलवानानं काल डोळे उघडले आणि पाणी मागितलं. पाहुणी तर अंथरुणात उड्या मारते म्हणे. दोघांचा जिवाणू एकच निघाला. जीव भांड्यात पडला.

सिस्टर म्हणाल्या, आला कुठून ते कुणी सांगू शकत नाही, शिट्टीनं गेला असेल, शेजारी बसून हसण्यातूनही गेला असेल. त्यांनी मला सूट दिली. मी ती घेतली नाही.

दुपारी हॉस्पिटलात गेलो. त्याची आई बाकावर बसली होती, पाच दिवसांचा तोच गणवेश अंगावर. मी म्हणालो, मला काही सांगायचंय, आणि सांगितलं. नाही म्हणालो तेसुद्धा. त्यांनी एकच विचारलं.

"पुसायचात कशानं?"

"रुमालानं."

त्या हसल्या. तसलं हसणं पुन्हा ऐकायची इच्छा नाही. मग म्हणाल्या, "काका, जा तुम्ही." मी गेलो.

सोमवार, १६ मार्च

चार मुलं आली. हिनं कोणाला फोन केला नाही. "यायचे ते येतील," म्हणाली आणि नेहमीएवढाच भात लावला.

घाईबाईंना तिनं काढलं नाही. दारावर येणाऱ्या प्रत्येक मुलाचं कार्ड आता त्यांनीच तपासायचं, असं काम लावलं. त्या इतक्या कडक झाल्यात की आज त्यांनी पोस्टमनलाही लसींचं विचारलं.

शिट्टी मी हिच्याकडे दिली. आता पावणेबाराला काय होणार याची मला धास्ती होती. पावणेबारा वाजले, ही ताटल्या घेऊन दारात आली आणि चारही मुलं उठून हात धुवायला रांगेत गेली. कुणी काही सांगितलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं, मुलांकडे पाहिलं. बहुतेक सवय लागली असावी.

रविवार, २२ मार्च

पालकांना बोलावलं होतं. सिस्टरनी आजाराचं सांगितलं, मग मी उभा राहिलो. पाठ केलेलं भाषण विसरलो, ते बरंच झालं. शिट्टी माझी होती, नियम मी मोडला, आणि विचारल्यावर नाही म्हणालो, एवढंच बोललो. एका मुलाचे वडील म्हणाले, "आणि आम्ही आमची पोरं तुमच्या भरवशावर सोडायची?" मी म्हणालो, "माझ्या नाही. हिच्या. मी हात धुवायच्या नळापाशी उभा राहीन." कुणी हसलं नाही, पण उठून गेलं दोघंच.

घरी आल्यावर हिनं माझ्यासमोर चहा ठेवला. "बरं बोललात," म्हणाली. या महिन्यातला सगळ्यात चांगला चहा.

बुधवार, २५ मार्च

सतरा मुलं. नळापाशी माझी नेमणूक पक्की झाली. साबण लावून बोटांच्या फटींत घासायचं, मग मनगटं, तोवर वीस अंक मोजायचे. मुलं बारानंतर एकदम वीसवर उडी मारतात. मी परत बाराला आणतो. गंमत वाटते. शिट्टीआजोबा हे नाव मागे पडून नळआजोबा झालंय.

पैलवान घरी आलाय, असं कळलं. आईनं त्याला इथे पाठवायचा प्रश्नच नाही. बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असतो तर रस्तासुद्धा बदलला असता.

शुक्रवार, २७ मार्च

संध्याकाळी मुलं गेल्यावर पैलवानाची आई आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच थांबली. ही पुढे झाली तर म्हणाली, "मावशी, मला काकांशी बोलायचंय."

मी हात पुसत गेलो.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करीन असंही वाटत नाही."

"बरोबर आहे."

"दोन ठिकाणी नेऊन आले त्याला. पहिल्या ठिकाणी जेवला नाही. दुसऱ्या ठिकाणी मी विचारलं, कुणाला काही झालं तर मला कळवाल का. त्या म्हणाल्या, आमच्याकडे कधी काही होत नाही. इथे मावशींनी काच दाबून पाहिली नसती तर आज तो नसता. आणि तुम्ही गप्प बसला असता तर ती पोरगी नसती. रागात मला हे आठवत नाही, पण नंतर आठवतं. सोमवारी साडेआठला आणते."

मी मान हलवली.

"त्याचा डावा कान गेलाय. पुन्हा तपासणार आहेत, पण आशा नाही म्हणाले. लांबून हाका मारायच्या नाहीत, तो गोंधळतो. उजव्या बाजूला जायचं, खाली बसायचं आणि मग बोलायचं. समजलं?"

समजलं म्हणालो. तिनं ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. ती गेल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. अश्रू पांढरेच होते, औषध कधीच संपलंय.

सोमवार, ३० मार्च

साडेआठला आला. होता त्याहून हलका झालाय. आईचं बोट सोडलं, घाईबाईंना कार्ड दाखवलं, माझ्यासमोर वीसपर्यंत हात धुतले, एक अंक न चुकवता. आई म्हणाली, घरी मीच शिकवलं. मग ती कामावर गेली. तीन आठवड्यांनी आज तिची पहिली फेरी.

तो कोपऱ्यात ठोकळे घेऊन बसला, आमच्याकडे पाठ करून. सवयीनं मी दारातून हाक मारली. तो वळला नाही. शेजारची दोन मुलं वळली, एक लांबची वळली, तो नाही. तेवढ्यात मला जे कळायचं ते कळलं. त्याच्या आईनं सांगितलं होतं, पण ऐकलेलं वेगळं.

मग मी भिंतीच्या कडेनं वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो. गुडघे कुरकुरले. जमिनीवर बसलो आणि हळूच म्हणालो, "पैलवान."

त्यानं लगेच पाहिलं. "आजोबा, तुम्ही कधी आलात?"

"आत्ताच."

"मग बसा इथेच," तो म्हणाला आणि अर्धे ठोकळे माझ्याकडे सरकवले. जेवणाची वेळ होईपर्यंत आम्ही रचत बसलो. उठताना हिनं हात दिला.